कपाटातली दुसरी किल्ली आधी काढा

प्रश्न : आमची गाडी सात वर्षांची आहे, साधी किल्ली फिरवून सुरू करायची. गेल्या महिन्यापासून ती मनात येईल तेव्हाच सुरू होते. सेल्फ मारला की इंजिन पकडतं आणि एक-दोन सेकंदांत गप्प होतं. मीटरमध्ये गाडी आणि कुलपाचं चित्र असलेला लाल दिवा भराभर लुकलुकत राहतो. किल्ली काढून परत घालून चार-पाच वेळा केलं की कधीतरी चालू होते, आणि एकदा चालू झाली की दिवसभर कुरकुर नाही. मेकॅनिकने आधी बॅटरी बदलली, मग पेट्रोलचा पंप बदलला. फरक शून्य. शेजारच्या काकांनी किल्लीचं पातं पॉलिश पेपरने घासून दिलं. आता मेकॅनिक म्हणतो, चोरीची सिस्टिमच काढून टाकू, कायमची कटकट मिटेल. सासूबाईंना दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं. परवा त्या मागच्या सीटवर बसून होत्या आणि मी वीस मिनिटं नुसती किल्ली फिरवत होते. घरचे म्हणतात, तुलाच किल्ली नीट लावता येत नाही. सिस्टिम काढू का? आणि भर रस्त्यात गाडी बंद तर पडणार नाही ना?

ता. क. हे सगळं सुरू व्हायच्या दोनेक आठवडे आधी किल्लीचं तुटलेलं कव्हर बदललं होतं. त्याचा काही संबंध नसावा.

उत्तर : ताई, संबंध आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही ता. क.ची ओळ.

पण आधी तुमचे प्रश्न. सिस्टिम काढू नका. ती गाडीबरोबर कंपनीतूनच आलेली असेल तर भर रस्त्यात इंजिन बंद पडण्याची भीतीही मनातून काढून टाका. ही यंत्रणा किल्लीची ओळख गाडी सुरू होताना पटवून घेते. एकदा पटली की चालत्या इंजिनाच्या मध्ये ती येत नाही. आणि घरच्यांचं म्हणणं साफ चूक आहे. किल्ली कुलपात फिरते आहे, सेल्फ लागतो आहे, इंजिन पकडतं आहे. म्हणजे हातानं करायचं तेवढं सगळं तुम्ही बरोबर करताय. त्याच्या पुढे जे अडतंय तिथे कुणाचाच हात पोचत नाही.

तिथे होतं काय, ते सांगते. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक चिमुकली चिप असते. कधी ती तांदळाच्या दाण्यासारखी काचेची नळी असते, कधी काळी, चपटी, पाचरीच्या आकाराची वडी. सेंटिमीटरभर लांबीची. तिला स्वतःचा सेल नसतो. गाडीत किल्ली घालतो त्या कुलपाभोवती तारेचं एक कडं बसवलेलं असतं. तुम्ही किल्ली फिरवली की त्या कड्यातून रेडिओलहरी निघतात, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या. त्यांच्यावरच चिप क्षणभर जागी होते आणि आपला संकेत परत पाठवते. गाडीतला कॉम्प्युटर तो संकेत आपल्याकडच्या नोंदीशी ताडून पाहतो. जुळला तर इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी मिळत राहते, नाही जुळला तर बंद. काही गाड्यांत सेल्फच लागत नाही, काहींत सेल्फ लागतो पण इंजिन पकडत नाही, आणि काहींत तुमच्यासारखं होतं : इंजिन पकडतं आणि दोन सेकंदांत गप्प. या यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात. जर्मनीने १९९८च्या जानेवारीपासून नव्या गाड्यांना ती सक्तीची केली, कॅनडाने २००७मध्ये. आज बहुतेक गाड्यांत ती असते, फक्त अडेपर्यंत तिचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

आता तुमची लक्षणं बघा. इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडतं, त्याच वेळी कुलपाचा दिवा भराभर लुकलुकतो, आणि एकदा गाडी चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. पंप खराब असता तर गाडी चढावर दमली असती, वेगात असताना अडखळली असती. बॅटरी कमजोर असती तर सेल्फ रडत रडत फिरला असता. तुमच्या मेकॅनिकने यातलं काही विचारलं होतं का? नसेल विचारलं, तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं झालंय, आणि त्याचा भुर्दंड तुम्हाला पडलाय. याचा मला खरंच राग येतो, कारण उत्तर मीटरमध्ये लाल अक्षरात लिहावं तसं समोर लुकलुकत होतं.

त्या दिव्याची भाषा फार सोपी आहे. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर तो संथपणे, मध्ये थांबून थांबून लुकलुकत असेल तर यंत्रणा पहाऱ्यावर आहे, काळजी नाही. इग्निशन चालू केल्यावर दोन-तीन सेकंद पेटून विझला तर किल्ली ओळखली. विझलाच नाही किंवा भराभर लुकलुकायला लागला तर किल्ली ओळखली नाही. दिव्याच्या तऱ्हा मॉडेलप्रमाणे थोड्याफार बदलतात, गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तुमच्या गाडीच्या नेमक्या दिलेल्या असतात. पण तुम्ही लिहिलंय ते दुसरं काही असण्याची शक्यता मला कमी वाटते.

मग ओळखत का नाही? इथे तुमचं बदललेलं कव्हर येतं. कव्हर बदलणारा जुन्या कव्हरातलं पातं काढतो, बटणांची पट्टी काढतो आणि नव्यात बसवतो. काही किल्ल्यांत चिप त्या पट्टीवरच डाख दिलेली असते, तिथे प्रश्न नसतो. पण पुष्कळ किल्ल्यांत ती वेगळी असते, कव्हराच्या कोपऱ्यात एका खाचेत चिकटवलेली. घाईत ती जुन्या कव्हरातच राहून जाते आणि कव्हराबरोबर कचऱ्यात जाते. तुमच्या बाबतीत पूर्ण तसं झालं नसावं, कारण चिप नसती तर गाडी एकदाही सुरू झाली नसती. माझा अंदाज असा की चिप नव्या कव्हरात आली आहे, पण खाचेत घट्ट बसलेली नाही. किल्ली ज्या अंगाने हातात येते त्याप्रमाणे ती आत सरकते. कड्याच्या जवळ, सरळ आली तर गाडी सुरू होते, लांब किंवा आडवी गेली तर नाही. हे सगळं दोन-तीन सेंटिमीटरच्या टापूत चालतं, त्यामुळे एवढ्याशा सरकण्यानेही फरक पडतो. काचेची असेल तर कव्हर उघडताना तिला बारीकसा तडा गेलेला असू शकतो.

किल्ली कानाशी धरा आणि हलकेच हलवा. आत टिकटिक असा बारीक आवाज आला तर बहुतेक चोर सापडला. नाही आला तरी तपास इथेच संपत नाही, कारण मऊ चिकटपट्टीत अडकलेली चिप आवाज न करताही हलते.

खरी परीक्षा मात्र दुसऱ्या किल्लीची. गाडी घेताना दोन किल्ल्या मिळाल्या असतील ना? तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, म्हणजे ती कुठेतरी कपाटात पडून आहे. बॅटरी आणि पंप बदलण्याआधी तिला बाहेर काढायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती काढा. पहिली किल्ली घरातच ठेवा, पर्समध्येसुद्धा नको. दुसरीच्या रिंगमध्ये दुसरं काही अडकवू नका. दोन चिपवाल्या किल्ल्या शेजारी शेजारी असल्या की दोघी एकदम बोलतात आणि कड्याला धड एकीचंही ऐकू येत नाही. जाड धातूच्या कडीनेही कधीकधी अडथळा येतो.

मग इग्निशन चालू करा आणि थांबा. लगेच सेल्फ मारू नका. दिवा विझतो का ते बघा, विझला तरच सेल्फ. नाही विझला तर किल्ली बंद करून बाहेर काढा, थोडं थांबा, परत करा. तीन-चार दिवस हीच किल्ली वापरा आणि कागदावर लिहून ठेवा : सकाळी, दिवा विझला, सुरू झाली, दुपारी, ऊन, दिवा विझला नाही. एकदा सुरू झाली म्हणून निष्कर्ष काढू नका, कारण तुमची पहिली किल्लीही मधून मधून चालतेच आहे. निदान पंधरा-वीस वेळा तरी बघा. दुसरी किल्ली प्रत्येक वेळी पास झाली तर दोष पहिल्या किल्लीत, गाडीत नाही. गाडीला कुणी हातही लावायची गरज नाही.

तसं झालं तर पहिली किल्ली उघडायची. तुमचा हात बारीक कामाला बसलेला असेल तर घरीही जमेल. टेबलावर पांढरा कपडा अंथरा, म्हणजे चिप निसटली तरी दिसेल. कव्हराच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून जोर करू नका, नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने हळूहळू सोडवा. जुन्या कव्हराचे तुकडे अजून असतील तर शेजारी ठेवा. त्यात चिपची रिकामी खाच दिसेल, तशीच खाच नव्यात आहे का ते बघा. बाजारात मिळणाऱ्या काही कव्हरांत ती खाचच नसते, मग बसवणारा चिप कुठेतरी कोंबून देतो. जुन्यात होती त्याच जागी, त्याच दिशेने चिप ठेवा आणि चिकटपट्टीच्या लहानशा तुकड्याने पक्की करा. गरम गोंद वापरू नका. तडा दिसला तर ती चिप गेली, नवी किल्ली घेऊन तिचं कोडिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद, करून घ्यावं लागेल.

मेकॅनिकने तुम्हाला असं सांगितलं असेल की रिमोटने दार उघडतंय म्हणजे किल्ली चांगली आहे. हे पुष्कळ जण म्हणतात आणि ते बरोबर नाही. दार उघडण्याचं काम वेगळं, त्याला किल्लीतला सेल लागतो. चिपला सेल लागत नाही. रिमोट ठणठणीत असून चिप मेलेली असू शकते, आणि सेल संपून रिमोट बंद पडला तरी चिप चोख चालते. म्हणून तुमच्यासारख्या फिरवायच्या किल्लीत नुसता सेल बदलून हा दोष जाणार नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचं निराळं. तिथे किल्ली खिशातूनच गाडीशी बोलते आणि त्याला सेल लागतो. तो संपला तर बहुतेक गाड्यांत किल्ली सरळ स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी सुरू होते. काहींत त्यासाठी वेगळी जागा दिलेली असते.

शेजारच्या काकांनाही नावं ठेवू नका. पातं घासायचा सल्ला हवेतून आलेला नाही. जनरल मोटर्सने १९८६च्या कॉर्व्हेटमध्ये जी यंत्रणा आणली, तिच्या किल्लीच्या पात्यात विजेला ठरावीक अडथळा करणारा एक उघडा रोधक (रेझिस्टर) बसवलेला होता. अडथळ्याच्या पंधरा वेगवेगळ्या मापांपैकी एका मापाचा. कुलपातल्या पट्ट्या त्याला प्रत्यक्ष टेकायच्या, आणि मळ बसला की गाडी आपलीच किल्ली नाकारायची. त्या किल्ल्या पुसल्यावर खरोखर चालायच्या. तुमच्या किल्लीतली चिप कशालाच टेकत नाही, हवेतून बोलते. तेव्हा आता पातं आणखी घासू नका. त्याचे दाते झिजले तर कुलूपच नीट फिरणार नाही, आणि ते नवं दुखणं होईल.

आता समजा दुसरी किल्लीही तशीच अडखळली. मग दोष गाडीकडे आहे, आणि पहिला संशय कुलपाभोवतीच्या त्या कड्यावर किंवा त्याच्या जोडणीवर. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या गाडीने तीन आठवडे असाच छळ मांडला होता. दोन्ही किल्ल्यांनी तेच. शेवटी एका समजूतदार इलेक्ट्रिशियनने स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिकचं आवरण सोडलं, टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. कड्याकडे जाणारा बोटाच्या पेराएवढा पांढरा सॉकेट अर्धवट बाहेर आलेला होता. महिनाभर आधी गाण्याची सिस्टिम बसवताना कुणीतरी तिथली वायर ओढली होती. त्याने अंगठ्याने दाबला, टक् असा आवाज आला, आणि पुढे कधीच काही झालं नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना विचारते : त्रास सुरू होण्याआधी गाडीत किंवा किल्लीत काय बदललं? डॅशकॅम, चार्जर, स्टिअरिंगजवळ चिकटवलेला मोबाइलचा होल्डर, काहीही. स्वस्त चार्जर सॉकेटमध्ये लावलेला असेल तर तो काढूनही बघा, काही चार्जर त्या कड्याच्या कामात गोंगाट करतात.

बॅटरी नवी आहे, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवत नाही. फक्त टर्मिनल घट्ट आहेत ना ते बघायला सांगा. बंद गाडीत मेकॅनिकच्या व्होल्टमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत आणि सेल्फ मारताना ९.६च्या खाली जायला नको. गेले तर गाडीतले कॉम्प्युटर मध्येच भानावर नसतात आणि ओळखीची किल्लीही नाकारतात. बॅटरी काढली म्हणून गाडी किल्ली विसरली असेल, असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. किल्ल्यांची नोंद वीज गेल्याने पुसली जात नाही.

गॅरेजमध्ये गेलात की एकच मागणी करा : इमोबिलायझर वाचू शकेल असा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, लावा आणि दोषाचे कोड मला लिहून द्या. साधे स्कॅनर फक्त इंजिन वाचतात, तेवढ्याने भागत नाही. पी०५१३ हा कोड आला तर चुकीची किल्ली, म्हणजे संकेत जुळला नाही. यू०१६७ म्हणजे इमोबिलायझरच्या युनिटशी बोलणंच तुटलंय, तिथे वायरिंग, फ्यूज किंवा युनिट बघावं लागेल. चांगला स्कॅनर किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत आणि आत्ता घातलेली ओळखली की नाही, हेही दाखवतो. ते तुम्ही स्वतः पडद्यावर वाचा. वाचायला मागण्यात संकोच वाटू देऊ नका, गाडी तुमची आहे.

नवी किल्ली करायची वेळ आली तर घरातल्या सगळ्या किल्ल्या बरोबर घेऊन जा. पुष्कळ गाड्यांत कोडिंग करताना जुनी नोंद पुसली जाते आणि त्या वेळी समोर असलेल्या किल्ल्यांचीच नवी होते. घरी राहिलेली किल्ली मग फक्त दार उघडायच्या कामाची. आणि एक तरी किल्ली चालू आहे तोवर हे काम करून घ्या. सगळ्याच बंद पडल्या तर बऱ्याचदा गाडी उचलून न्यावी लागते आणि काम कितीतरी वाढतं.

इंटरनेटवर ‘दहा मिनिटं इग्निशन चालू ठेवा, आपोआप रिसेट होईल’ हा उपाय तुम्हाला दिसेल. तो जनरल मोटर्सच्या काही ठरावीक यंत्रणांचा आहे, तिथे तो चालतो. इतर गाड्यांत त्याने फक्त बॅटरी उतरते. गाडी ढकलून सुरू करण्याचाही उपयोग नाही, कारण चाकांनी इंजिन फिरवलं तरी पेट्रोल आणि ठिणगी अडवलेलीच राहणार. उगाच सेल्फ मारत राहू नका, एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही, आणि मध्ये स्टार्टरला निवू द्या.

राहिला तो मेकॅनिकचा सल्ला. सिस्टिम काढणं त्याला सोपं वाटतंय, कारण दोष शोधावा लागत नाही. पण तुमच्या गाडीतला किल्ली मागणारा पहारेकरी एकदा घालवला की कुठल्याही वस्तूने कुलूप फिरवणाऱ्याला गाडी मिळते. अमेरिकेत २०११ ते २०२१च्या दरम्यान विकल्या गेलेल्या किया आणि ह्युंदाईच्या कित्येक गाड्यांत इमोबिलायझर नव्हता. २०२१च्या सुमारास त्या कशा चोरायच्या याचे व्हिडिओ पसरले. कुलपाचं आवरण तोडायचं आणि यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवायचं, बस. चोऱ्यांचं पेव फुटलं आणि पुढे कंपन्यांना त्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर द्यावं लागलं. शिवाय ही यंत्रणा बायपास करताना, म्हणजे तिला वगळून वायरी जोडताना, इंजिनाच्या वायरिंगमध्ये तोडजोड होते, आणि ती जोडणी सैल पडली तर आज ज्याची तुम्हाला उगाच भीती वाटतेय ते खरंच घडू शकतं : चालती गाडी बंद. हीच शंका बाहेरून बसवलेल्या, लपवलेल्या कटऑफ स्विचची, म्हणजे चोरी टाळायला इंजिन बंद पाडणाऱ्या बटणाची, मी घेते. तुमच्या गाडीत आधीच्या कुणी तसा बसवलाय का, हे इलेक्ट्रिशियनला आवर्जून बघायला सांगा.

सासूबाईंना न्यायच्या दिवसाचं आत्ताच ठरवून ठेवा. त्या दिवशी दुसरी किल्ली वापरा, तीही एकटी, बाकीच्या जुडग्यातून वेगळी काढून. निघायच्या अर्धा तास आधी एकदा गाडी सुरू करून बघा, म्हणजे नाहीच झाली तर दुसरं वाहन बोलवायला वेळ हाताशी राहील. दवाखान्यातून परतताना त्यांना गाडीत बसवण्याआधी किल्ली लावा, दिवा विझू द्या, इंजिन चालू होऊ द्या आणि मगच त्यांचा हात धरून त्यांना बाकावरून उठवा.